फिरंगी ठसा आणि मलिक अंबरचे शिर

(संस्थेच्या व्याख्यानमालेतील भाषणाचा लिखित मजकूर)



प्रत्यक्ष व्याख्यानाच्या वेळी पडद्यावर चित्रे होती. स्मरणिकेच्या पानांवर ती छापणे शक्य नाही. तेव्हा वाचकहो, चित्रात काय आहे ते मी थोडे तपशिलाने सांगत जाईन. आपण ते मनासमोर उभे करीत चला.

व्याख्यानाचा विषय 'बरोक काळातील कोरीव ठसाचित्रांमधील रूपके आणि प्रतीके' असा जाहीर झाला होता. विषयाचे नाव भारदस्त आहे, आणि कोल्हापुरात बसून युरोपातल्या सतराव्या शतकाची उठाठेव कशाला, असे कुणाला वाटले तर त्यात नवल नाही. परंतु ही ठसाचित्रे गोव्याच्या बंदरात उतरली, आग्ऱ्यास गेली, आणि त्यांच्या ओळखीच्या खुणा विजापूरच्या दरबारात राहून गेलेल्या एका चित्रकाराच्या कागदावर उमटल्या. त्या काळी आपला पन्हाळा आदिलशाहीतच होता. म्हणजे विषय वाटतो तितका परका नाही.

विषय जाहीर झाल्यावर एका सुशिक्षित गृहस्थांनी मला अडवून विचारले, "सर, मोगलांच्या चित्रकारांनी फिरंग्यांची चित्रे उतरवून काढली, हेच तुम्ही सांगणार ना? मग आमच्या मुलांनी त्यात अभिमान तो काय मानायचा? नक्कलच की ती!" प्रश्न सरळ होता, पण मला तो बोचला. कारण आपल्याकडे जे काही आहे ते उसने आहे, ही गोष्ट एकदा पोराच्या मनात बसली की ते पेन्सिल खाली ठेवते. ड्रॉइंगच्या तासाला मी अशी मुले पाहिली आहेत. तेव्हा आजचे बोलणे हे त्या गृहस्थांना दिलेले उत्तर आहे असे समजावे.

प्रथम प्रतीक म्हणजे काय ते पाहू. मोहरमच्या दिवसांत आपल्या गावात पंजे बसतात. धातूचा तो हात नुसता हात नव्हे, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक असते. पाच बोटे म्हणजे पंजतन पाक: हजरत पैगंबर, हजरत अली, बीबी फातिमा, इमाम हसन आणि इमाम हुसेन. पंजाला हात जोडणारे आमचे हिंदू शेजारीही ही खूण ओळखतात. आता किल्ल्यांच्या दरवाजांवरचा शरभ आठवा. सिंहासारखा एक पशू आणि त्याच्या पंजांत चिरडलेले हत्ती. असा प्राणी कुणी रानात पाहिलेला नाही. परंतु ज्याने तो दारावर बसवला त्याला येणाऱ्या-जाणाऱ्यास सांगायचे होते की, या दाराच्या धन्यापुढे हत्तीसारखे बलाढ्यही टिकत नाहीत. पंजा हे प्रतीक झाले. आणि अशी प्रतीके एकत्र आणून त्यांतून एखादी घटना किंवा विचार सांगितला, की त्याला रूपक म्हणावयाचे. बरोकच्या चित्रकारांनी यापेक्षा वेगळे काही केले नाही; फक्त त्यांनी त्याचा मोठा कारखाना काढला.

कारखाना हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा आणि त्यावर पोलादी कोरणीने रेघा खोदायच्या. ही कोरणी पेन्सिलीसारखी ओढायची नसते, तळहाताने पुढे रेटायची असते. वळणदार रेघ हवी असेल तर कारागीर हात वळवीत नाही, हाताखालचा पत्रा फिरवतो. मग पत्र्यावर शाई चोळून वरवरची पुसून टाकायची. खाचांतली तेवढी उरते. वर ओलसर कागद ठेवून दोन रुळांमधून दाबून काढला की ती शाई कागदावर येते, आणि डावे ते उजवे होऊन येते. सावली हवी तिथे रेघांवर आडव्या रेघांची जाळी. रंगाचा थेंबही न वापरता मखमल, पोलाद, ढग आणि माणसाची कातडी यांतला फरक दाखवणारे उस्ताद त्या काळी युरोपात होते.

तांब्यावर कोरणे आपल्या मुलखाला नवे नव्हते. शिलाहार राजांनी दिलेली दाने ताम्रपटांवरच कोरलेली आहेत, आणि आपल्या हुपरीचा चांदी-कारागीर आजही धातूवर नक्षी उठवतो. फरक इतकाच की, आपल्याकडे कोरलेला पत्रा हीच मोलाची वस्तू होती. तिकडे पत्रा हे साधन झाले आणि कागद ही वस्तू झाली. ताम्रपट एकाच्या घरी राहतो. ठसा शेकडो घरी जातो, गलबतात चढतो आणि समुद्र ओलांडतो. माझ्या मते सगळा इतिहास या एका फरकात आहे.

अँटवर्प हे शहर या धंद्याचे माहेरघर होते. तिथल्या सादेलर घराण्याचा मूळ व्यवसाय पोलादावर नक्षी कोरण्याचा. यान, राफाएल आणि त्यांचा पुतण्या एगिदियुस यांनी तीच करामत तांब्याच्या पत्र्यावर आणली. पुढे १५९३ मध्ये रोममध्ये चेसारे रिपा याने 'इकोनोलोजिया' नावाचा ग्रंथ काढला आणि १६०३ मध्ये त्याची सचित्र आवृत्ती निघाली. न्याय, सत्य, आळस, मत्सर अशा न दिसणाऱ्या गोष्टी चित्रात कशा दाखवायच्या याचा तो जणू कोशच होता. वाळूचे घड्याळ म्हणजे सरणारे आयुष्य, कवटी म्हणजे मृत्यू, साबणाचा फुगा म्हणजे माणसाचा दिमाख. पुढची शंभर-दीडशे वर्षे युरोपातले चित्रकार आणि कोरके हा कोश हाताशी ठेवून होते. खरे सांगायचे तर त्यांतली पुष्कळ चित्रे मला कंटाळवाणी वाटतात. कोश पाठ केलेल्या माणसाने कविता करावी तसे ते होते. असो.

आता गोव्याकडे वळू. अकबर बादशहाने पाद्री पाठवा असा निरोप धाडला, तेव्हा जेझुइट पंथाचे तिघे १५७९ च्या नोव्हेंबरात गोव्याहून निघाले आणि १५८० च्या फेब्रुवारीत फत्तेपूर सिक्रीस पोहोचले. रुडॉल्फ आक्वाविवा हा त्यांचा प्रमुख. सोबतच्या मोन्सेरातेने या सफरीचा वृत्तांत लिहून ठेवला आहे. त्यांनी बादशहाला नजर केले ते अँटवर्पच्या प्लांतँ याच्या छापखान्यात अनेक भाषांत छापलेले बायबल. त्याचे आठ मोठे खंड होते. बादशहाने पागोटे उतरवून ते ग्रंथ मस्तकी लावले, असे मोन्सेराते सांगतो. परधर्माच्या ग्रंथाला दिलेला हा मान लक्षात ठेवावा.

त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर एक कोरीव ठसाचित्र आहे. सिंह, बैल, लांडगा आणि कोकरू एकाच गव्हाणीपाशी उभे आहेत. युरोपात त्याचा अर्थ होता ख्रिस्ती जगातली एकी आणि शांतता. फत्तेपूरच्या चित्रशाळेत हे पान उघडल्यावर काय झाले असेल? वाघ आणि शेळी एका पाणवठ्यावर पाणी पितात, ही आपल्याकडे न्यायी राजाची खूण आहे. हजरत सुलैमान यांच्या न्यायासनाभोवती सगळे पशुपक्षी वैर विसरून जमतात, ही कल्पना तर फारसी वाचणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाची होती. म्हणजे चित्र फिरंगी होते, पण अर्थ घरचा निघाला. मोगल चित्रकारांनी सिंह आणि कोकरू उचलले ते ओळख पटल्यामुळे. पाद्र्यांना वाटले बादशहा आपल्या धर्माकडे झुकतो आहे, आणि चित्रकार मात्र त्या ठशांतून आपल्या बादशहाची स्तुती कशी करता येईल हे शोधत होते!

विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. हेरातहून आलेल्या आका रिझा या चित्रकाराचा मुलगा अबुल हसन. जर्मन उस्ताद आल्ब्रेख्त ड्यूरर याने १५११ मध्ये कोरलेल्या एका ठशातली संत जॉनची आकृती या मुलाने १६०० मध्ये उतरवली. तेव्हा तो तेराव्या वर्षात होता, म्हणजे आपल्या सातवी-आठवीतला विद्यार्थी. ते रेखाटन आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. हात जोडून वर पाहणारा तो माणूस, त्याच्या अंगावरच्या वस्त्राच्या घड्या आणि कोरणीची प्रत्येक रेघ मुलाने कलमाने गिरवली आहे. ही नक्कल आहे का? आहे. कित्ता गिरवल्याशिवाय अक्षर येत नाही. पण कित्ता गिरवणारा पोरगा पुढे काय लिहितो, हे पाहायचे असते.

तर तो पुढे काय झाला? जहांगीर बादशहाने त्याला 'नादिरुज्जमान' म्हणजे जमान्याचे आश्चर्य हा किताब दिला. आणि त्याने काढलेल्या चित्रांपैकी एक आपल्या महाराष्ट्राशी थेट जोडलेले आहे. ते डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात असून १६१६ च्या सुमाराचे आहे.

वाचकहो, हे चित्र नीट पाहा. जहांगीर बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि त्याने धनुष्याला बाण लावला आहे. समोर भाल्याच्या टोकावर एका काळ्या माणसाचे शिर रोवलेले आहे. ते मलिक अंबरचे शिर. बाण त्याच्या तोंडातून आरपार गेला आहे. शिरावर घुबड बसले आहे. वर ढगांतून पंखांची गुबगुबीत फिरंगी बाळे बादशहाला हत्यारे देताहेत. न्यायाचा तराजू टांगलेला आहे. आणि पायाखालचा तो पृथ्वीगोल एका बैलाच्या शिंगांवर, तर बैल एका माशाच्या पाठीवर उभा आहे.

एकेक वस्तू कुठली ते पाहा. पृथ्वीचा गोल फिरंगी नकाशांतून आणि ठशांतून आला. पंखांची बाळे तिकडचीच. परंतु पृथ्वी बैलावर आणि बैल माशावर, ही आपल्या जुन्या फारसी ग्रंथांतली विश्वाची कल्पना. शेषाच्या मस्तकावर पृथ्वी असावी तशी. युरोपच्या भूगोलतज्ज्ञांनी आखलेला गोल अबुल हसनने खुशाल बैलाच्या शिंगांवर नेऊन ठेवला! घुबडाचेही तसेच. युरोपातल्या ठशांत ते कधी ज्ञानदेवतेचा पक्षी असते, तर कधी मूर्खपणाची खूण. आपल्याकडे ते लक्ष्मीचे वाहनही आहे. परंतु फारसी काव्यात घुबड ओसाड वाड्यांत राहते. ते जिथे बसेल तिथे उजाड होते. अबुल हसनने घेतला तो हाच अर्थ. सगळ्या खुणा समोर मांडलेल्या आणि निवड करणारा हात त्याचा.

आणि आता मुख्य गोष्ट. हे घडलेच नाही! मलिक अंबरचे शिर जहांगीरच्या हाती कधीही लागले नाही. हबशाच्या देशात जन्मलेला, गुलाम म्हणून बाजारात विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली. तेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. त्या शहराला पाणी पुरवणारी नहर त्याचीच, आणि जमीन मोजून बसवलेला त्याचा धारा तर मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या नावाजला गेला. गनिमी काव्याने त्याने मोगल फौजांना दख्खनमध्ये जेरीस आणले. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि मोगल व विजापूर यांच्या एकत्र सैन्याचा मोड झाला. १६२६ मध्ये तो वृद्धापकाळाने मेला आणि खुलदाबादेत त्याची कबर आहे. जहांगीर पुढच्याच वर्षी गेला. जिवंतपणी ज्याला बादशहाने आपल्या आठवणींत शिव्याशाप दिले, त्याच्या निधनानंतर बादशहाच्याच दरबारच्या बखरनविसाने त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची मोकळ्या मनाने वाखाणणी केली.

म्हणजे हे चित्र कशाचे? ते विजयाचे नव्हे. जे तलवारीने जमेना ते कलमाने करून घेतल्याचे हे चित्र आहे. रूपकाची ताकद आणि रूपकाची लाचारी या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर इतक्या स्वच्छ मी दुसरीकडे पाहिल्या नाहीत. भाल्यावरचे शिर पाहताना मला बादशहाच्या झोपमोडीची आठवण होते. जगाचा धनी गोलावर उभा आहे खरा, पण त्याची नजर खडकीच्या एका हबशावरून हलत नाही!

अबुल हसनचेच आणखी एक चित्र वॉशिंग्टनला आहे. त्यात जहांगीर आणि इराणचा शाह अब्बास गळाभेट घेताहेत. जहांगीर सिंहावर उभा, अब्बास कोकरावर. दोन्ही जनावरे पृथ्वीगोलावर पहुडलेली. अँटवर्पच्या गव्हाणीपाशी उभे होते तेच हे सिंह आणि कोकरू. पण सिंह असा ऐसपैस पसरला आहे की कोकरू गोलाच्या कडेकडे ढकलले गेले आहे. प्रत्यक्षात दोघे कधी भेटले नाहीत, आणि १६२२ मध्ये त्या कोकराने कंदाहार जिंकून घेतले.

बिचित्रचे चित्र यापेक्षा खोल आहे. त्यात जहांगीर वाळूच्या घड्याळाच्याच सिंहासनावर बसलेला आहे. समोर तुर्कस्तानचा सुलतान आणि इंग्लंडचा राजा जेम्स उभे. पण बादशहा ग्रंथ देतो आहे तो एका वृद्ध शेखला. खाली फिरंगी बाळे घड्याळावर बादशहाला हजार वर्षांचे राज्य चिंतितात, आणि त्याच घड्याळातली वाळू खाली उतरते आहे. युरोपचे प्रतीक त्याने युरोपच्याच अर्थाने वापरले, परंतु ते खुद्द बादशहाच्या आसनाखाली ठेवण्याचे धाडस त्याचे स्वतःचे.

आता विजापूर. फर्रुख बेग हा खुरासानी वळणाचा चित्रकार. काबूलहून तो १५८५ मध्ये अकबराकडे आला. पुढे काही वर्षे तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या दरबारात होता, आणि विजापूरचा फर्रुख हुसेन तो हाच, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. हा इब्राहिम म्हणजे सरस्वतीचे स्तवन करणारा, 'किताब-ए-नवरस' रचणारा आणि आपल्या तंबोऱ्याला मोतीखान असे लाडके नाव देणारा सुलतान. अशा धन्याच्या सावलीत राहून फर्रुख बेग उत्तरेस परतला, आणि १६०९ मध्ये जहांगीरने त्याला दोन हजार रुपये बक्षीस दिल्याची नोंद आहे.

राफाएल सादेलर याने मार्टेन द वोस याच्या रेखाटनांवरून १५९१ मध्ये चार ठशांची एक मालिका कोरली. माणसाच्या आयुष्याचे चार टप्पे त्यात आहेत: प्रेम, कष्ट, मान आणि शेवटी दुःख. शेवटच्या ठशात एक म्हातारा खचून बसला आहे. हा ठसा फर्रुख बेगच्या हाती आला. १६१५ मध्ये त्याने त्यावरून चित्र केले. ते आज कतारमधील दोहाच्या इस्लामी कला संग्रहालयात आहे. म्हातारा तसाच खुर्चीत बसलेला आहे, पण आता तो सूफी झाला आहे. मागचे झाड सादेलरच्या रेघांचे उरलेले नाही. ते फर्रुख बेगच्या स्वप्नातले झाड आहे. चित्रावर नोंद आहे की हे काम चित्रकाराने वयाच्या सत्तराव्या वर्षी केले.

अँटवर्पच्या कोरक्याने म्हातारपणाला दुःख म्हटले. सत्तर वर्षांच्या फर्रुख बेगने तीच बसण्याची ढब घेतली, पण दुःख तेवढे काढून घेतले, असे मला तरी वाटते. हा सूफी खचलेला नाही, त्याला आता कुठे जायचे नाही इतकेच. मालिकेतले पहिले तीन टप्पे फर्रुख बेगने काबूल, लाहोर आणि विजापूर येथे स्वतः भोगले होते. चौथ्या टप्प्याचे नाव काय असावे हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याइतका दुसऱ्या कुणाला असणार?

त्या गृहस्थांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "ठीक आहे, पण घेतले आपणच ना? त्यांनी आपल्याकडून काय घेतले?" म्हणून आणखी एक चित्र सांगतो.

हॉलंडचा रेम्ब्रांट हा बरोक काळातला सर्वांत मोठा ठसाकार. तो तांब्यावर कोरणीबरोबरच तेजाबानेही रेघा खाववून घेत असे. आयुष्यात तो कधी आपल्या देशाबाहेर गेला नाही. १६५६ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. परंतु त्याच सुमारास त्याच्यासमोर मोगल चित्रे आली होती, आणि पन्नाशीतल्या या उस्तादाने ती जपानी कागदावर एकेक करून उतरवून काढली. त्यांतली वीसहून अधिक आज शिल्लक आहेत. अबुल हसनने ड्यूररचा कित्ता गिरवला होता. रेम्ब्रांटने मोगलांचा गिरवला. त्याला कुणी नकलाकार म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

त्यांतल्या एका रेखाटनात झाडाखाली बैठक घालून चार वृद्ध मुसलमान शेख बोलत बसले आहेत. १६५६ मध्येच रेम्ब्रांटने एक ठसाचित्र केले. त्याचा विषय हजरत इब्राहिम यांच्या दारी आलेले फरिश्ते. कुरआन शरीफमध्येही ही हकिकत आहे. पाहुण्यांपुढे भाजलेले वासरू ठेवले, पण त्यांचा हात अन्नाकडे जाईना, तेव्हा इब्राहिम मनात बिचकले. युरोपचे चित्रकार या पाहुण्यांना मेजापाशी बसवीत. रेम्ब्रांटने मेज काढून टाकले. त्याचे पाहुणे जमिनीवर अंथरलेल्या बैठकीवर बसले आहेत, आपण दस्तरखानापाशी बसतो तसे. ही बैठक त्या चार शेखांची. यजमान इब्राहिम नम्रपणे वाकून कडेला आहेत. दाराआड बीबी साराह ऐकते आहे. आणि मागच्या बाजूला, कठड्यापाशी, सर्वांकडे पाठ करून एक लहान मुलगा उभा आहे. त्याच्या हातात धनुष्य आहे, आणि तो बाहेर मोकळ्या रानाकडे नेम धरतो आहे. तो इस्माईल.